क्रांतीच्या नोटा आणि एक ठेव पावती

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे विसरले ते दोन ठिकाणी भरलं आहे, आणि जे जास्त बोलले ते काढलं आहे.)



निवेदकाने आत्ता सांगितलं की मी ‘जुन्या नोटांवर’ बोलणार आहे. ते ऐकून पहिल्या रांगेतल्या दोघांनी लगेच पाकिटं बाहेर काढली, ते मी पाहिलंय. सकाळपासून मला सहा जणांनी विचारलं, ट्रॅक्टरवाल्या पाच रुपयांच्या नोटेचे लाख रुपये मिळतात ते खरं का? शेवटी ७८६ आकडा असलेल्या नोटेचं काय? तेव्हा आधी तेच उरकून घेते. ट्रॅक्टरवाली नोट लाखोंनी छापली गेली. तिचे लाख रुपये देणारा तुमच्याकडून आधी ‘नोंदणी फी’ मागेल आणि गायब होईल. असल्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला २०२१मध्ये जाहीर सांगावं लागलं होतं. त्यामुळे नोट पाकिटात ठेवा आणि जाताना तिचा चहा प्या.

मला मिळालेली पंधरा मिनिटं मला एका वेगळ्याच नोटेवर खर्च करायची आहेत. आपण शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकलो. बॅस्टिल पडलं, राजाचं डोकं उडालं, नेपोलियन आला, टीपा लिहा, पाच गुण. बाईंनी खूप रंगवून शिकवलं होतं, दोष आमचा, आम्ही गुणांपुरतंच ऐकलं. त्या सगळ्या गडबडीत लोक भाजी कशाने विकत घेत होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडायला मला चाळिशी गाठावी लागली.

झालं असं, की कंपनीने मला आठ महिन्यांसाठी पॅरिसला पाठवलं. काम बँकेच्या सॉफ्टवेअरचं. राहायची जागा जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर. तिथे रू व्हिव्हियेन नावाचा रस्ता आहे, त्यावर ओळीने जुन्या नाण्यांची दुकानं. आपल्याकडे सराफ कट्टा असतो तसं. थंडीचे दिवस, बोलायला कोणी नाही, म्हणून एका शनिवारी आत शिरले. एका खोक्यात पारदर्शक पिशव्यांत कागद ठेवले होते. त्यातला एक मी उचलला. पोस्टाच्या पाकिटाहून लहान, पिवळसर, जाडसर कागद. वर छापलेलं: पंधरा सू. तारीख ४ जानेवारी १७९२, आणि शेजारी ‘स्वातंत्र्याचं चौथं वर्ष’. खाली छापील सही, ब्यूतँ. किंमत दहा युरो. म्हणजे पुण्यात आपण दोघी जेवायला गेलो तर जेवढं बिल होईल त्याहून कमी.

मी दुकानातल्या बाईंना विचारलं, खरी आहे ना? त्या हसल्या आणि म्हणाल्या, इतक्या स्वस्त वस्तूची नक्कल कोण करेल? (हे उत्तर चुकीचं आहे. ते पुढे सांगते. पण नोट खरी होती.)

या नोटेला म्हणतात आसिन्या. लिहिताना त्यात ‘ग’ आणि शेवटी ‘त’ असतो, पण फ्रेंच लोक अक्षरं लिहितात जास्त आणि उच्चारतात कमी. तिची गोष्ट थोडक्यात अशी. १७८९मध्ये फ्रान्सची तिजोरी रिकामी होती. २ नोव्हेंबरला राष्ट्रीय सभेने चर्चच्या सगळ्या जमिनी राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या. जमीन भरपूर, पण जमिनीने कर्ज फिटत नाही, पगार होत नाहीत, आणि सगळी एकदम विकायला काढली तर भाव कोसळणार. म्हणून डिसेंबरमध्ये ४० कोटी लिव्रचे रोखे काढायचं ठरलं. रोखा घ्या, पैसे द्या, आणि पुढे जमीन विक्रीला निघेल तेव्हा तोच रोखा देऊन जमीन घ्या. रोखा परत आला की जाळून टाकायचा. वर पाच टक्के व्याज. म्हणजे सुरुवातीला ही नोट नव्हतीच, ती एक ठेव पावती होती. पाठीमागे जमिनीचं तारण असलेली, व्याज देणारी पावती. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

कल्पना वाईट नव्हती. मी इंजिनीअर आहे, मला ती नीट बांधलेली रचना वाटते: जेवढी जमीन तेवढा कागद, जमीन गेली की कागद नष्ट. बिघाड कुठे झाला तर मर्यादा पाळली नाही तिथे. १७९०च्या एप्रिलमध्ये हाच रोखा चलन म्हणून सक्तीचा केला आणि व्याज तीन टक्क्यांवर आणलं. त्या पहिल्या नोटांना खाली व्याजाची कुपनं असायची, कापून द्यायची. सप्टेंबरमध्ये आणखी ८० कोटी काढले आणि व्याज बंद. ‘१२० कोटींच्या वर एकही नाही’ असं तेव्हा ठरलं होतं. शेवटी छपाई गेली सुमारे साडेचार हजार कोटी लिव्रवर. युद्ध सुरू झालं होतं, सैन्याला बूट हवे होते, कर गोळा होत नव्हता, आणि छापखाना हाताशी होता.

माझी पंधरा सूची नोट का छापली गेली, ही मला यातली सगळ्यात माणसांची गोष्ट वाटते. वीस सूंचा एक लिव्र. सुरुवातीच्या नोटा हजार, तीनशे, दोनशे लिव्रच्या. पुढे पन्नासची आली. पण पॅरिसमधला साधा मजूर दिवसाला वीस-तीस सू मिळवायचा. म्हणजे सगळ्यात लहान नोट त्याच्या महिन्याभराच्या मजुरीहून मोठी. चांदीची नाणी लोकांनी दडवून ठेवलेली. मालक चार-पाच मजुरांना मिळून एक नोट द्यायचा आणि म्हणायचा, वाटून घ्या. वाटणार कशी? २०१६च्या नोव्हेंबरात नवी दोन हजाराची नोट घेऊन तुम्ही कोथिंबीर घ्यायला गेला असाल, तर तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. मग गावोगावच्या नगरपालिकांनी, मंडळांनी, कारखानदारांनी आपापल्या चिठ्ठ्या छापल्या. ‘बिये द कॉन्फियान्स’, म्हणजे विश्वासाच्या नोटा. हजारो प्रकार. त्यातल्या कित्येकांच्या मागे विश्वासाखेरीज काहीच नव्हतं, आणि चिठ्ठी काढणारा पळाला की संपलं. १७९२च्या अखेरीस सरकारने त्या बंद केल्या. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्वतः दहा, पंधरा, पंचवीस, पन्नास सूच्या नोटा काढायला घेतल्या. माझी नोट त्यातली. ती कोणा श्रीमंताची नव्हती. पाव आणि कांदे घेणाऱ्या हातांतून ती गेली आहे. तिला मधोमध आडवी आणि उभी घडी आहे, आणि कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं.

आता ‘हिची किंमत काय’ या प्रश्नाकडे वळते, कारण मागच्या बाकांवरून तोच येणार आहे.

संग्राहकाच्या भाषेत उत्तर सोपं नाही, पण पद्धत सोपी आहे. पहिली गोष्ट, जुनं म्हणजे महाग नव्हे. सव्वादोनशे वर्षं जुना कागद आपल्या शाळेच्या जुन्या वर्गफोटोपेक्षा स्वस्त मिळू शकतो, कारण आसिन्या प्रचंड छापल्या गेल्या आणि बंद पडल्यावर लोकांनी त्या पोत्याने ठेवून दिल्या. दुसरी गोष्ट, मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. इंटरनेटवर कोणीही कितीही मागू शकतो. लिलावात हातोडा पडला तेव्हाचा आकडा पाहायचा, आणि त्यात खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन मिळवायचं. मी माझ्या धंद्याच्या सवयीने याची एक एक्सेल शीट केली आहे. एकाच प्रकारच्या नोटेच्या मागितलेल्या आणि मिळालेल्या किमती शेजारी शेजारी ठेवल्या की हसू येतं.

मग येते अवस्था. घड्या किती, कडा सरळ का कात्रीने कापलेल्या, टाचणीची भोकं, डाग, दुरुस्ती. त्या काळच्या लहान नोटा एका तावावर वीस वगैरे छापून मग कापायचे. घाईत कापलेल्या, त्यामुळे चारही बाजूंना समास नीट असलेली नोट दुर्मीळ. न कापलेला अख्खा ताव मिळाला तर त्याची बातच वेगळी. मग प्रकार: राजाचं चित्र असलेल्या १७९०च्या मोठ्या नोटा, कुपनासकट, या खरंच महाग. त्याखालोखाल वर्ष तिसऱ्यातल्या फ्रँकमधल्या मोठ्या नोटा, अगदी दहा हजार फ्रँकची. राजाच्या नोटा मी फक्त काचेआड पाहिल्या आहेत. जगभराच्या नोटांची आल्बर्ट पिकने सुरू केलेली सूची आहे, तिच्यात यांचे क्रमांक ‘ए’ने सुरू होतात. फ्रेंच विक्रेते मात्र जाँ लाफोरीच्या १९८१च्या पुस्तकाचे क्रमांक लावतात. दोन्ही क्रमांक ओळखता आले की विक्रेता तुमच्याशी जरा आदराने बोलायला लागतो.

आणि खरी की खोटी. मगाशी म्हटलं की दुकानातल्या बाई चुकल्या. स्वस्त नोटांच्याही नकला होतात, फक्त त्या पर्यटकांसाठी, आठवण म्हणून. पुढे त्या कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पंधरा वर्षं पडतात आणि खऱ्या म्हणून बाहेर येतात. मी स्वतः अशी एक घेतली आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, राजाचं चित्र असलेली, ‘कपाटात सापडली’ म्हणून. माझ्या त्या महिन्याच्या हप्त्याएवढे पैसे गेले. घरी आल्यावर अतिनील दिवा धरला, तर नोट ट्यूबलाइटसारखी निळी चमकली. जुना कागद चिंध्यांपासून करायचे, तो चमकत नाही. आताच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते चमकतं. भिंगाखाली रेषांच्या जागी ठिपके दिसले, म्हणजे ऑफसेट छपाई. खऱ्या नोटेवर अक्षरं दाबून छापलेली असतात, मागून बोट फिरवलं तर लागतात. उजेडात धरलं की जलचिन्ह दिसतं, आणि कोरा उठावाचा शिक्का असतो. ती खोटी नोट मी फेकली नाही. दिवा आणि भिंग घेऊन ती मागच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी खरी. जेवणाआधी बघून घ्या.

त्या काळी नकलेचा प्रश्न असा गमतीचा नव्हता. बऱ्याच आसिन्यांवर छापलंय, बनावट नोट करणाऱ्याला कायदा मृत्युदंड देतो, आणि शेजारी, त्याची खबर देणाऱ्याला राष्ट्र बक्षीस देतं. तरी नकला झाल्या. साध्या चोरांनी केल्या, आणि इंग्लंडच्या सरकारनेही केल्या. उत्तर इंग्लंडात हॉटन कासलजवळच्या गिरणीत त्यांच्यासाठी कागद केला गेला. शत्रूचं चलन बुडवलं की तोफा कमी लागतात. गंमत अशी की त्या काळातली खोटी नोट आज संग्राहक आवडीने घेतात, कधी खरीपेक्षा जास्त देऊन.

राजाचीही एक गोष्ट आहे. जून १७९१मध्ये सोळावा लुई नोकराच्या वेषात बायकापोरांसह पळाला. वाटेत टपालाचे घोडे बदलायच्या ठिकाणी द्रुए नावाच्या माणसाने त्याला ओळखलं, पन्नास लिव्रच्या नोटेवरच्या चित्रावरून, असं सांगतात. राजा व्हारेनला पकडला गेला. जानेवारी १७९३मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, पण त्याचं तोंड नोटांवर राहिलंच. आणि लोकांना त्याच नोटा जास्त आवडायला लागल्या. गणराज्याच्या नोटेपेक्षा राजाच्या नोटेला बाजारात जास्त भाव. हिशेब सरळ होता: उद्या राजाचा मुलगा गादीवर आला तर निदान बापाची नोट तरी मानेल. सरकारला ते सहन होणं शक्य नव्हतं. ३१ जुलै १७९३ला फर्मान निघालं की राजाचं तोंड असलेल्या शंभर लिव्रवरच्या नोटा आजपासून चलन नाहीत. काही काळ फक्त कर भरायला आणि राष्ट्राची जमीन घ्यायला चालतील. हे वाचलं त्या रात्री मी हॉटेलच्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले. ८ नोव्हेंबर २०१६ला रात्री आठ वाजता आपण सगळे कुठे होतो ते आपल्याला आठवतंच, आणि मग पेट्रोल पंपावर आणि वीजबिलाला चालतील, ही यादीही.

(त्यावरून एक व्यवहाराची माहिती. त्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा कोणाच्या कपाटात निघाल्या तर २०१७च्या कायद्याने दहाच्या वर ठेवता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. आजीच्या ट्रंकेत गठ्ठा सापडला तर ‘पुढे किंमत येईल’ म्हणून ठेवू नका.)

आसिन्येचा भाव कसा घसरला याचे आकडे आहेत, कारण फ्रेंच सरकारने ते स्वतः मांडले. शंभर लिव्रच्या कागदाला १७९१च्या सुरुवातीला चांदीत सुमारे नव्वद मिळत. वर्षाने सत्तरच्या आसपास. राजाला मारलं त्या महिन्यात पन्नास. ऑगस्ट १७९३ला बावीस. मग भावांवर कमाल मर्यादा, तुरुंग आणि गिलोटीन यांच्या धाकाने भाव पुन्हा चढला, वर्षाअखेरीस अठ्ठेचाळीस. धाक संपला तसा घसरला. १७९५च्या शेवटी शंभराला एक लिव्रही नाही. १९ फेब्रुवारी १७९६ला प्लास व्हांदोममध्ये लोकांसमोर नोटा छापायचे साचे आणि पाटे जाळले. त्याजागी ‘मांदा’ नावाचा नवा कागद आणला, तीस जुन्याला एक नवा. तो वर्षभरही टिकला नाही. १७९७च्या फेब्रुवारीत तोही बाद.

पण सगळेच बुडाले असं नाही, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. जमीन बारा टक्के आधी भरून आणि बाकी बारा वर्षांच्या हप्त्यांत घेता येत होती. ज्याने १७९१मध्ये शेत घेतलं आणि हप्ते पडलेल्या कागदात भरले, त्याला शेत जवळजवळ फुकट पडलं. ज्याने कर्ज घेतलं होतं त्याने ते कागद तोंडावर मारून फेडलं. मेले ते कर्ज देणारे, भाड्यावर जगणाऱ्या विधवा, पेन्शनवाले, आणि पगार कागदात आणि पाव नाण्यात मिळणारे मजूर. म्हणून १७९७च्या जूनमध्ये कायदा झाला: प्रत्येक जिल्ह्याने आपापला तक्ता करायचा, कोणत्या महिन्यात शंभर लिव्रच्या कागदाची खरी किंमत काय होती. दोन माणसांतले जुने व्यवहार त्या तक्त्याप्रमाणे मिटवायचे. तू मला मार्च १७९४ला पाचशे दिलेस ना, मग तक्ता बघू. शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडण मिटवायला सरकारी तक्ता! नोटांविषयी मी जे काही वाचलं त्यात मला हा तक्ता सर्वांत आवडतो.

आता ती ठेव पावती.

आपल्या तालुक्यातली ती पतसंस्था तुम्हाला आठवते. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, या हॉलमधल्या निम्म्या घरांतून तिथे पैसे होते. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. आमच्या बाबांनी ओढ्याकाठचं एक एकर विकलं आणि ताईच्या लग्नासाठी दीड लाखाची मुदत ठेव केली. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. २००३मध्ये एका सोमवारी शटर उघडलं नाही. पुढे प्रशासक, मग अवसायक, मोर्चे, सहायक निबंधकांच्या कार्यालयाबाहेरच्या रांगा. बाबांना दोन हप्त्यांत मिळून अकरा हजार मिळाले. ताईचं लग्न झालं, कर्जावर झालं. माझ्या पहिल्या चार वर्षांच्या पगारातून ते फिटलं. याची तक्रार नाही, हिशेब सांगते आहे.

बाबांनी ती पावती लॅमिनेट करून घेतली. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पाटावर नाणी, नोटा आणि ती पावती. आईने एकदा म्हटलं, हिला कशाला ठेवता? बाबांनी उत्तर दिलं नाही, पुढच्या वर्षीही ठेवली. २०१९ला बाबा गेले. पावती माझ्याकडे आली. संग्राहक म्हणून मला सांगायला हवं की लॅमिनेट केलेला कागद संपलेला असतो, तो प्लास्टिक परत सोडत नाही. कुठल्याही लिलावात तिचा शून्य रुपये भाव. मी ती अल्बममध्ये पंधरा सूच्या नोटेसमोरच्या पानावर ठेवली आहे.

त्या पावतीवर दोन सह्या आहेत. एक व्यवस्थापकाची आणि एक संचालकाची. ते संचालक माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील. ती आज इथे आहे. तिला विचारून हे बोलते आहे, आणि हा मजकूर छापायला देण्याआधी तिने वाचला आहे.

आठवीपासून दहावीपर्यंत एका डब्यातून जेवलेल्या आम्ही. २००३नंतर मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली होती. मी गेले नाही, शुभेच्छाही कळवल्या नाहीत. त्यांच्या घरावर दगड पडले ते मला पुण्यात कळलं, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही.

मग हा नोटांचा नाद लागला. माझ्या अल्बममध्ये त्या सह्या आहेत, पंधरा सूवर ब्यूतँ, पन्नास सूवर सोसे. ही माणसं कोण होती? नोटेवर नाव छापायला दिलेली माणसं. साडेचार हजार कोटी छापायचा निर्णय ब्यूतँचा नव्हता. पण माझ्या हातात जे नाव येतं ते त्याचं. या विचाराने मी कोणाला माफ वगैरे केलं नाही. फक्त पावतीवरच्या सहीकडे पहिल्यांदा संग्राहकासारखं पाहिलं, आणि संग्राहक पहिला प्रश्न विचारतो: याच मालिकेतली दुसरी प्रत कोणाकडे आहे?

अवसायकाने लावलेली ठेवीदारांची यादी ताईने तेव्हा झेरॉक्स करून ठेवली होती. एकोणचाळीस पानं, अर्धी पुसट. लॉकडाऊनमध्ये मी ती सगळी टाईप करून शीटमध्ये घातली आणि पावती क्रमांकाने लावली. बाबांच्या पावतीनंतर चार क्रमांक सोडून माझ्या मैत्रिणीचं नाव आलं. त्याच आठवड्यातली ठेव, तिच्या नावावर, रक्कम बाबांच्या रकमेहून मोठी. खाली तिच्या वडिलांची स्वतःची, आणि आजीचीही. यादीतल्या नावांपुढे एकही पैसा मिळाल्याची नोंद नव्हती. ज्या संस्थेतून पैसे काढून घ्यायला त्यांना एक दिवस आधी सांगायची गरज नव्हती, तिथून त्यांनी स्वतःच्या मुलीचे पैसे काढले नव्हते.

याचा अर्थ ते निर्दोष होते असा होत नाही. संचालकाने वाचायचे कागद न वाचता सह्या केल्या, हा दोष आहेच, आणि आमची ताई आजही त्यांचं नाव काढू देत नाही. तिचा तो हक्क आहे. लग्न तिचं होतं. पण मी जे सतरा वर्षं धरून बसले होते, की त्यांना सगळं माहीत होतं, ते चुकीचं होतं, आणि ते तपासायला लागणारी यादी सगळा वेळ आमच्याच घरात, सांडगी मिरचीच्या बरणीमागे होती.

मी तिला फोन केला. पहिली दोन मिनिटं दोघी रडलो असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. ती म्हणाली, “कोण?” मी नाव सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुझ्या बाबांचे किती राहिले?” मी म्हटलं एक लाख एकोणचाळीस. ती म्हणाली, “आमचे तीन लाख वीस.” एवढंच. मग तिने कुकर लावायचा आहे म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

मी मगाशी तो फ्रेंच तक्ता सांगितला. आपल्याकडे तसा कोणी केला नाही. अवसायकाची यादी रुपये सांगते. १९९९चा दीड लाख म्हणजे ओढ्याकाठचं एक एकर, हे ती सांगत नाही. म्हणून मी आणि ती मिळून एक काम सुरू केलं आहे. यात पैसे परत मिळवण्याचा काही भाग नाही, ते वकिलांचं काम आणि त्यात मला गती नाही. त्या यादीतली जी घरं या शाळेशी जोडलेली आहेत, त्यांच्याकडच्या पावत्या, पासबुकं, मोर्च्याची पत्रकं, निबंधकांना केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आम्ही स्कॅन करून एकत्र ठेवतो आहोत. प्रत्येक पावतीपुढे एक रकाना आहे: हे पैसे कशातून आले होते. उसाचं बिल, म्हैस, बांगड्या, पेन्शनची ग्रॅच्युइटी. आत्तापर्यंत एकेचाळीस झाल्या. त्यातल्या तीन या व्यासपीठावर बसलेल्या आपल्या शिक्षकांच्या आहेत, आणि सरांनी त्यांची स्वतः आणून दिली.

ज्यांच्याकडे अजून असतील त्यांच्यासाठी दोन सूचना, संग्राहकाच्या. पावतीला सेलोटेप लावू नका, टेपचा डाग कागदात उतरतो आणि निघत नाही. साध्या प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, पावसाळ्यात शाई त्याला चिकटते. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये सपाट, पुस्तकात ठेवा. पुस्तक कोणतंही चालेल, गाइड सोडून. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका.

माझी पंधरा मिनिटं झाली, शिपाईमामा घंटेकडे चाललेले दिसतात. मागच्या टेबलावर डाव्या बाजूला फ्रान्सच्या अकरा नोटा आहेत आणि एक रशियन ताव आहे, १९१७चा, केरेन्स्कीच्या काळातला. त्या नोटांवर ना तारीख, ना क्रमांक, ना सही. लोक दुकानात कात्रीने कापून द्यायचे. हात धुऊन, कडेने धरून बघा. उजव्या बाजूला स्कॅनर आहे, आणि त्याच्यामागे माझी मैत्रीण बसली आहे. कागद तिच्याकडे द्यायचे.